घरच्यांचं मन मोडून स्वतःची वाट धरलेल्यांनो, पहिलं वर्ष कसं काढलंत?

तरफेची_तार | ९ फेब्रुवारी, रात्री ११.२०

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी २८ वर्षांची, मेकॅनिकल इंजिनिअर. घर सांगलीला, नोकरी चाकणला. सहा वर्षं झाली. गाडीच्या आत जे आवाज आणि थरथर येते ती मोजायची आणि कमी करायची, हे माझं काम. पगार चांगला आहे, माणसं चांगली आहेत, नोकरीबद्दल काहीच तक्रार नाही.

तीन वर्षांपूर्वी गाण्याच्या बाईंचा तंबोरा दुरुस्तीला घेऊन मिरजेला गेले. काम तासाभराचं होतं, मी संध्याकाळपर्यंत तिथंच बसले. तिथले कारागीर, चाचा, घोडीवर (ज्या पट्टीवरून तारा जातात तिच्यावर) कानस फिरवत होते. दोनदा फिरवायची, फुंकर मारायची, तार बसवायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवायची, परत कानस. आधी तार नुसतीच टणटण करत होती. मग घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवला, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी तो आवाज उघडला. दिवसभर मी कंपन मारायचं काम करते आणि इथं हा माणूस तेच कंपन वाढवून, पसरवून, त्यातून सगळे सूर बाहेर काढत होता. त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

दोन वर्षं जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघते, पहाटे मिरज. शनिवार-रविवार चाचांकडे शिकते. भोपळा भिजवून आतला गर खरवडणं, तूणाच्या लाकडाची दांडी कोरणं, खुंट्या बसवणं इथवर आले आहे. जवारीला, म्हणजे घोडी घासून आवाज उघडायच्या त्या कामाला, अजून हात लावू देत नाहीत. आता चाचा म्हणाले, "हे दोन दिवसांत शिकायचं काम नाही, यायचं तर पूर्ण ये." महिना नऊ हजार देतील.

घरी सांगितलं. अण्णा कारखान्यात फिटर होते. कर्ज काढून मला शिकवलं, ते कर्ज मीच फेडलं, पण काढताना त्यांनी मान खाली घातली होती ते मला माहीत आहे. ते एकच वाक्य बोलले, "लाकूडच तासायचं होतं तर माझ्याच हाताखाली आली असतीस." त्याला आता पाच आठवडे झाले. फोन आई उचलते. आईचं वेगळंच, तिला लग्नाची काळजी. "स्थळांना काय सांगू, मुलगी काय करते?"

माझ्याकडे पाच लाख चाळीस हजार शिल्लक आहेत. राजीनामा टाइप करून ठेवला आहे. मला "कर" किंवा "नको करू" असा सल्ला नकोय. ज्यांनी असं केलं त्यांनी पहिलं वर्ष कसं काढलं ते ऐकायचं आहे. पैशांचं, आणि घरातल्या त्या शांततेचंही.

---

खारे_दाणे | ९ फेब्रुवारी, रात्री ११.४१

धागा सुरेख. जवारीचा परिच्छेद दोनदा वाचला. अनुभव काही नाही, पण शुभेच्छा मनापासून.

---

गिरणगावची | १० फेब्रुवारी, सकाळी ७.५५

तुझ्या अण्णांचं वाक्य वाचून माझे तात्या आठवले.

तात्या लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा मी सात वर्षांची. अडीच लाख कामगार एका दिवसात बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. आमच्या घरापुरतं सांगायचं तर तात्या सकाळी डबा घेऊन निघायचे ते थांबले, आणि काही महिन्यांनी एका सोसायटीत रात्रीचे वॉचमन झाले. आई मसाले कुटून द्यायची. चाळीत सगळ्यांचं तेच, त्यामुळे कुणी रडत नव्हतं.

दहावीला मला चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षांत ए ग्रेड होती, मला जेजेला उपयोजित कलेला जायचं होतं. तात्यांना मी टायपिंग-शॉर्टहँड करून महापालिकेत लागायला हवी होते. वाद असा व्हायचाच नाही. ते फक्त विचारायचे, "यात महिन्याला किती मिळतात?" मी काहीतरी आकडा सांगायची. मग विचारायचे, "आणि पुढच्या महिन्याला?"

मला तेव्हा वाटायचं, हा मला हिणवतोय. फार वर्षांनी कळलं की त्यांच्या आयुष्यात जे तुटलं होतं ते पुढच्या महिन्याला तुटलं होतं. या महिन्याचा पगार तर सगळ्यांच्याच हातात होता.

मी गेले जेजेला. पहिलं वर्ष कसं काढलं विचारतेस ना? गणपतीच्या मंडळांचे फलक लिहून. लग्नाच्या पत्रिकांची अक्षरं काढून. दुकानाच्या पाटीला फुटावर पैसे मिळायचे. आई ट्रेनच्या पासचे पैसे पिठाच्या डब्यात ठेवायची, तात्यांना माहीत नाही असं आम्ही दोघी समजायचो. आज अक्षररेखनावरच घर चालतं.

तुला एक सांगते. तात्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर तयार ठेव, आणि ते मनात नको, कागदावर ठेव. माझ्याकडे ते नव्हतं म्हणून आमची चार वर्षं फुकट भांडणात गेली.

---

द्राक्ष_कलम | १० फेब्रुवारी, सकाळी ९.१०

ताई, मी तासगावचा, म्हणजे शेजारीच की.

माझं उलटं आहे. वडिलांची सहा एकर बाग आणि त्यांना मी बागेत नको होतो. "साहेब हो" एवढंच. बीएस्सी ॲग्री करून पुण्याला सदाशिव पेठेत अभ्यासिकेत सहा वर्षं बसलो. राज्यसेवेची पूर्व तीनदा पास, मुख्य एकदाही नाही. खुल्या गटाला ३८ पर्यंत वय चालतं, आणि ती सवलत आमच्यासारख्यांचा घात करते. कारण थांबायला कारणच मिळत नाही. "अजून वय आहे" म्हणून घरचे पैसे पाठवत राहतात आणि आपण घेत राहतो. माझ्या शेजारच्या टेबलावरचा पोरगा ३६ चा होता, केस पिकलेले. त्याला बघून एक दिवस पुस्तकं बांधली.

२०१९ ला गावी आलो, द्राक्षाची रोपं आणि कलमं करायचं ठरवलं. डॉगरिजच्या खुंटावर कलम भरायचं, त्याचं काम बागाईतदाराकडे घेऊन जायचं. वडील म्हणाले, "सहा वर्षं पुण्यात बसून शेवटी कलमं भरायलाच आलास." ऑगस्टला महापूर आला. त्यातनं जरा सावरतोय तोवर ऑक्टोबरला पाऊस थांबेना, बागाच्या बागा गेल्या, नवीन लागण कोण करणार? पहिल्या वर्षी हातात काय आलं विचारू नका. ट्रॅक्टरवर दुसऱ्याकडे फवारणीला जात होतो.

पण खरं सांगतो. त्या वर्षी झोप लागत होती. अभ्यासिकेत सहा वर्षं लागली नव्हती.

---

दोन_मुलींचा_बाबा | १० फेब्रुवारी, दुपारी १.३०

या धाग्यावर आईवडिलांच्या बाजूनं कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून मी लिहितो. वय ६१. थोरली सीए झाली, धाकटीनं एमबीबीएसची दोन वर्षं करून सोडलं. आता ती लहान मुलांना पोहायला शिकवते.

तिनं सांगितलं त्या रात्री मी जे बोललो ते इथं लिहिणार नाही. आजही लाज वाटते. पण तेव्हा मला काय होत होतं ते सांगतो, कदाचित तुझ्या अण्णांनाही तेच होत असेल.

आमच्या काळी इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्या सरकारी कॉलेजांत. १९८३ ला वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, त्याआधी दोन-चार टक्क्यांनी हुकलं की आयुष्यभर हुकलं. मी हुकलेल्यांतला. डिप्लोमा केला आणि तीस वर्षं माझ्याहून लहान मुलांना "साहेब" म्हटलं. ज्या दाराबाहेर आपण उभे राहिलो त्या दारातून आपलं मूल आत गेलं, हा आनंद काय असतो ते शब्दांत येत नाही. आणि एक दिवस ते मूल म्हणतं, मला बाहेर यायचं आहे, आतमध्ये काही विशेष नाही. त्या वेळी मुलगी तिच्या आयुष्याबद्दल बोलत असते. बापाला ऐकू येतं ते "तुमचं सगळं वाया गेलं" असं.

म्हणून तरफेची_तार, अण्णांना एकदा हे सांग की तू आत जाऊन आलीस म्हणूनच तुला हा आवाज ऐकू आला. खोटं नाहीच ते. कंपन मोजायला तू नोकरीतच शिकलीस ना?

दुसरी गोष्ट, ही जरा कडक आहे. पाच लाख चाळीस हजार हा आकडा मला कमी वाटतो. पुण्यातलं घर सोडून तू सांगलीला आईवडिलांकडे राहणार असशील तर तुझा निम्मा खर्च अण्णा उचलणार आहेत. मग त्यांना बोलायचा हक्कही राहतो. मिरजेत खोली घेणार असशील तर हिशेब वेगळा. हे स्पष्ट कर.

---

कानडी_कडबू | १० फेब्रुवारी, दुपारी ३.०५

@दोन_मुलींचा_बाबा, मोठा प्रतिसाद आणि मोठ्या मनाचा. आमच्या बाबांना हा धागा पाठवला. त्यांचं उत्तर: "वाचला. तू जेवलास का?" आमच्याकडे यालाच समेट म्हणतात. :)

---

स्वरगंगाकाठी | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४५

तंबोऱ्याचा विषय निघाला आणि भीमसेनजींचं नाव नाही, असं कसं चालेल! १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडलं. का, तर अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली होती. आणि खाँसाहेब म्हणजे मिरजेचेच, दर्ग्यात त्यांच्या नावानं उरुसाला संगीत सभा अजून होते. डॉ. लागू बघा, कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात आणि टांझानियात प्रॅक्टिस केलेली, १९६९ ला चाळिशी ओलांडल्यावर सगळं सोडून पूर्णवेळ रंगभूमी. धाडस केल्याशिवाय काही मिळत नाही. टाक राजीनामा!

---

सरळरेषा | १० फेब्रुवारी, रात्री ८.२०

@स्वरगंगाकाठी, आदर ठेवून असहमत. ही उदाहरणं देऊन आपण मुलांवर अन्याय करतो. घर सोडून गेलेले आणि भीमसेन न झालेले किती, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आणि दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून पुण्याच्या बीजे मेडिकल कॉलेजमध्ये शिकवत राहिले आणि अभिनयही करत राहिले. दोन्ही करता येतं. धागाकर्तीनं सहा महिने बिनपगारी रजा मागून बघावी. नोकरी सोडणं हे एकदाच करता येतं.

---

स्वरगंगाकाठी | १० फेब्रुवारी, रात्री ९.०२

मान्य, "टाक राजीनामा" हे घाईचं झालं. पण भीमसेनजींच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मी लिहिलाच नाही. तो वडिलांचा आहे. गुरुराज जोशी शाळामास्तर. पळून गेलेल्या मुलाला शोधत शेवटी जालंधरहून त्यांनीच परत आणलं. आणि नंतर १९३६ ला तो कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला राहिला. मुलाला परत आणणाऱ्या बापानं त्याला गाण्यापासून तोडलं नाही. आपण ते पळून जाणंच सांगत बसतो.

---

शिकलगार_गल्ली | १० फेब्रुवारी, रात्री १०.३०

मी मिरजेचा. जन्म वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीच्याच मागे. दोन गोष्टी सांगतो, एक जुनी, एक आत्ताची.

जुनी: ज्या कामाला आज आम्ही "पिढीजात" म्हणतो ते कुणाच्या तरी हातून पहिल्यांदा बदललेलंच काम आहे. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारं करणारे. संस्थानं खालसा होत गेली, लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी दुरुस्तीला आलेली वाद्यं हातात घेतली आणि पुढं स्वतः करू लागले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता, गवई येत-जात, म्हणून ते टिकलं. त्यांच्या घरातही कुणीतरी विचारलंच असणार की, तलवार सोडून भोपळा कशाला?

आत्ताची: २०२४ ला इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात फोटो आले. पण गल्लीतली पोरं शिकून बाहेर निघाली आहेत, आणि त्यांच्या बापांनाच ती बाहेर गेलेली हवी आहेत. कंबर मोडते, भुसा छातीत जातो, भोपळा पिकला नाही तर वर्षाचं गणित बिघडतं. भीमेच्या काठावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडं हा मोठा कडू भोपळा होतो. पाऊस जास्त झाला तर वेलावरच सडतो. तर ताई, तुम्ही ज्या दारातून आत येताय त्याच दारातून आमची पोरं बाहेर जातायत. तुम्ही या, आम्हाला आनंदच आहे. पण कुणी सांगितलं नाही असं नको.

---

गिरणगावची | १० फेब्रुवारी, रात्री १०.५२

@शिकलगार_गल्ली, हत्यारांचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या तात्यांनाही कुणीतरी दुसरं काम हातात दिलं असतं तर!

---

वॉर्ड_नंबर_७ | ११ फेब्रुवारी, पहाटे ४.४०

नाइट ड्यूटीवरून लिहितोय.

मी पुरुष परिचारक आहे. जीएनएम केलं, आता अतिदक्षता विभागात चौदा वर्षं. गाव परभणीकडचं. वडिलांना मी पोलीस व्हावं असं होतं, उंची होती, पळायचोही. नर्सिंगला गेलो म्हटल्यावर ते म्हणाले, "हे बायकांचं काम." मग गावात कुणी विचारलं की सांगायचे, "पोरगा दवाखान्यात आहे." एवढंच. लोक समजायचे कंपाउंडर असेल, काही समजायचे डॉक्टर. ते कुणालाच दुरुस्त करायचे नाहीत.

इथं सगळे सांगतायत की आकडे दाखवा, वेळ द्या, बाप वळतो. माझे वळले नाहीत. शेवटचं दीड वर्ष त्यांना अर्धांगवायू होता. सुट्टी काढून गावी जायचो तेव्हा त्यांना कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, नळी बदलणं मीच करायचो, कारण मला ते येतं. माझा हात लागला की ते शांत पडून राहायचे. दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. पण "बरं केलंस" हे तोंडातून निघालं नाही. गेले ते तसेच.

बहीण, मी हे घाबरवायला लिहीत नाही. त्यांच्या तोंडून ऐकायचं म्हणून काम करू नकोस, एवढंच. मी पहिली सात-आठ वर्षं दर पगाराला, दर बढतीला फोन करून सांगायचो आणि वाट बघायचो. त्यात माझंच नुकसान झालं. जेव्हा वाट बघणं सोडलं तेव्हा त्यांच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारता यायला लागल्या. त्या चांगल्या होत्या.

---

दोन_मुलींचा_बाबा | ११ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

वॉर्ड_नंबर_७, वाचून बराच वेळ बसून राहिलो. धाकटीला फोन केला. आजपर्यंत कधी गेलो नव्हतो, येत्या रविवारी तिचा क्लास बघायला जातो आहे.

---

इसारच्या_काठी | ११ फेब्रुवारी, दुपारी २.१०

म्युनिकहून. अवांतर वाटेल, पण जोडलेलं आहे.

इथून दीड-दोन तासांवर आल्प्सच्या पायथ्याशी मिटेनवाल्ड नावाचं गाव आहे, तीनशेहून जास्त वर्षं व्हायोलिन करणाऱ्यांचं. १८५८ पासून तिथं व्हायोलिन बनवायला शिकवणारी सरकारी शाळा आहे. साडेतीन वर्षांचं शिक्षण, आधी प्रवेश परीक्षा, शेवटी कारागिरीची परीक्षा, पुढं अनुभव घेऊन "माइस्टर". मी बघायला गेलो तेव्हा एक विशीतली मुलगी लाकडाची पातळ फळी बोटांनी टकटक करून कानाशी धरत होती. तिची आई दंतवैद्य आहे म्हणाली. मी आपला मराठी प्रश्न विचारला, घरचे काय म्हणाले? तिला प्रश्नच कळला नाही.

इथले आईबाप फार उदार आहेत असं मुळीच नाही. पण त्या मुलीच्या हातात सरकारी शिक्क्याचा कागद येणार आहे, विमा आहे, संघटना आहे. म्हणून आईला भीती कमी. आपल्याकडे चाचांच्या हाताखाली पाच वर्षं काढली तरी दाखवायला कागद नाही, मग सगळा भार बापाच्या विश्वासावर पडतो. मिरजेत अशी शाळा का असू नये? मानांकन मिळालं, पुढची पायरी हीच असायला हवी.

---

आकडेमोड | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.३०

भावना खूप झाल्या, मी थोडं कोरडं लिहितो.

पीएफ मोडू नका. तसाच पडू द्या, व्याज मिळतं. गरज पडलीच तर सलग पाच वर्षं पूर्ण झालेली असल्यानं काढलेल्या रकमेवर कर लागणार नाही. सहा महिन्यांचा खर्च मुदत ठेवीत वेगळा, त्याला हात लावायचा नाही. उरलेल्याला बाराने भागा, तो तुमचा महिन्याचा वरखर्च. कानसा, पटाशी, लाकूड यासाठी वेगळं पाकीट. आणि वर्षाची तारीख ठरवा. त्या दिवशी काय झालेलं असलं म्हणजे पुढं जायचं, आणि काय नसलं म्हणजे परत चाकण, हे आज लिहा. तेव्हा लिहायला बसाल तर मन सोयीचं लिहील.

---

तरफेची_तार | ११ फेब्रुवारी, रात्री ११.५०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस ऑफिसात लपून वाचते आहे.

बाबाकाका (असं म्हणू ना?), तुमचा प्रश्न लागला. मी सांगलीलाच राहणार होते आणि खर्चात ते धरलंच नव्हतं. मिरजेत खोली बघते.

शिकलगार_गल्ली, चाचांचा धाकटा मुलगा पुण्यात माझ्याच शेजारच्या कंपनीत आहे. चाचांनी त्याला कधी अडवलं नाही. मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटलं? म्हणाले, "त्याच्या हातात नव्हतं ते." मी तेव्हा ते नशिबाबद्दल आहे असं समजले. ते हाताबद्दलच बोलत होते.

सरळरेषा, बिनपगारी रजा मागितली. तीन महिने मिळतायत. आधी तेवढे घेते.

वॉर्ड_नंबर_७, दादा, तुमचं वाचून रडले. जास्त लिहीत नाही.

---

द्राक्ष_कलम | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

खोलीचं बघतो. मिरजेत मावशी आहे, वरची खोली रिकामी. भाडं मावशीच ठरवेल, पण जेवायला बसवल्याशिवाय सोडणार नाही.

---

सरळरेषा | १२ फेब्रुवारी, सकाळी १०.००

रजेचं ऐकून बरं वाटलं. कळवत राहा.

---

खारे_दाणे | ४ मे, रात्री ९.४५

धागा वर काढतोय. तरफेची_तार, रजा संपत आली असेल ना? काय झालं?

---

तरफेची_तार | १९ जून, रात्री १०.१५

उशीर झाला, माफ करा.

मार्च ते मे पूर्ण मिरजेत होते. मे अखेरीला राजीनामा दिला. मावशींच्या वरच्या खोलीत आहे, द्राक्ष_कलम यांनी सांगितलं तसंच, जेवायला रोज हाक येते.

भोपळ्यांची गाडी आली तेव्हा चाचांबरोबर निवडायला बसले. नखानं टिचकी मारून बघायचं, सालीची जाडी आवाजावरून कळते. शंभरातले चाचांनी अकरा ठेवले. मी निवडलेल्या नऊपैकी सहा त्यांच्या अकरात होते. मग त्यांनी एक जुनी घोडी माझ्यासमोर ठेवली, मोडकी, कामाला न येणारी. म्हणाले, घास. दोन महिने तीच घासते आहे. कानस एकदा जास्त पडली की तार बसते, आवाज मेणासारखा होतो, मग सगळं सपाट करून पहिल्यापासून. मागच्या आठवड्यात एका जागी खर्जाची पितळी तार पहिल्यांदा बोलली. चाचा पलीकडे चहा पीत होते, त्यांनी मान वर केली आणि परत चहा पिऊ लागले.

आता घरचं. गिरणगावची, तुमच्या तात्यांचा दुसरा प्रश्न मी कागदावर घेतला. एका वहीच्या पानावर बारा महिने लिहिले. प्रत्येक महिन्यापुढं किती येणार, किती जाणार, शिल्लक किती. खाली आकडेमोड यांनी सांगितली तशी ३१ मेची तारीख, आणि तोपर्यंत स्वतःच्या हातानं पूर्ण झालेला एक तंबोरा विकला गेला नाही तर काय, तेही. ते पान सांगलीच्या घरी स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या खाली खिळ्याला अडकवून आले. काही बोलले नाही. अण्णा टीव्ही बघत होते.

परवा रविवारी परत गेले. पान तिथंच होतं. त्यावर लाल पेनानं खुणा. अण्णांचं अक्षर, फिटरचं, इंग्रजी आकडे एकाखाली एक सरळ. ऑगस्टची बेरीज माझी शंभरनं चुकली होती, ती दुरुस्त केलेली. कानसांपुढं लिहिलं होतं, "स्वस्तातली घेऊ नये, दात जातात." आणि अगदी खाली, दोनदा अधोरेखित: "मेडिक्लेम धरला नाही. कंपनीचा गेला."

मी खरंच धरला नव्हता.

आई म्हणाली, तीन दिवस चष्मा लावून बसले होते. अजून माझ्याशी बोलत नाहीत. निघताना स्टँडवर सोडायलाही आले नाहीत. पण पिशवीत डब्याच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक अर्धगोल कानस होती, तेल लावलेली, त्यांच्या कारखान्याच्या पेटीतली.

विम्याचं कुणाला नीट माहीत आहे का? वय २८, एकटीचाच घ्यायचा आहे. वर्षाला किती धरू? पानावर लिहून पाठवायचं आहे.

---

आकडेमोड | १९ जून, रात्री १०.४०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. नोकरी सोडून किती दिवस झाले ते नेमकं सांगा. कंपनीची पॉलिसी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक करून घेता येते, पण त्याला मुदत असते. उद्याच फोन करा, टाळू नका.

---

गिरणगावची | १९ जून, रात्री ११.०५

कानस कितीची आहे गं, आठ इंची का दहा? फोटो टाक.